हात लागायच्या आधी

"पेपरात पयली आली म्हणं ती. पर शिट्टीनंतर बोलंल कोण?"

माझ्या मागं पायऱ्यांवर बसलेल्या दोन शिक्षिका हसल्या. त्याही माझ्यासारख्याच खो-खोच्या पंच परीक्षेला आल्या होत्या. दुसरी म्हणाली, "इंग्लिश मीडियमची हाय. फाऊल बी इंग्लिशमधी देईल, अन् पोरी बघत बसत्याल तिच्या तोंडाकडं." मी बुटाची नाडी बांधायला वाकले. नाडी बांधलेलीच होती.

त्यांचं तसं चुकत नव्हतं. आदल्या दिवशीचा लेखी पेपर मला चांगला गेला होता, पण तेव्हापासून माझ्या तोंडून 'हो' आणि 'नाही' यापलीकडं फारसं काही निघालं नव्हतं. आज परीक्षा मैदानावर होती. पंचाचं नुसत्या शिट्टीवर भागत नाही. काय घडलं आणि आता पुढं काय, हे सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं सांगावं लागतं. ते जमलं नाही, तर कालच्या पेपराला काही अर्थ नव्हता.

मी स्वतः खो-खो कधी खेळले नाही. शाळेची व्हॅन मला रोज बेंबळीहून धाराशिवला न्यायची. तिथं फरशीचं अंगण होतं आणि बास्केटबॉलची जाळी. मातीत बसायचा खेळ आमच्या शाळेत नव्हता. घरी आले की मात्र मी गच्चीवर जायची. दोन शेतं सोडून जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान दिसायचं. मुली ओळीनं बसलेल्या, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. पाठलाग करणारी बसलेलीच्या पाठीला हात लावून 'खो' म्हणायची, की ती उठून पळायची. आमच्या जिल्ह्यातल्या मुली या खेळात देशाकडून खेळतात, त्या अशाच मैदानांवरून गेलेल्या. इतक्या लांबून 'खो' मला जरा उशिरा ऐकू यायचा. म्हणून मी आवाज सोडून दिला आणि तळहात आणि पाठ बघायला लागले. ही नजर मला कुणी शिकवली नाही. ती माझी आहे, आणि मला तिचा अभिमान आहे.

माझी पाळी आली. परीक्षक सरांनी पाठलाग करणाऱ्या संघाला बाजूला नेऊन हळूच काही सांगितलं. मुद्दाम चुका करायला सांगत असणार, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. पहिली चूक सोपी निघाली. एका मुलीनं पाठलाग करताना मधली पाटी, म्हणजे बसलेल्या मुलींची ओळ, ओलांडली. मी शिट्टी वाजवली, फाऊलनंतर पाठलाग करणारीला उलट फिरावं लागतं म्हणून हातानं उलटी दिशा दाखवली आणि जे बोलले ते माझं मलाच ऐकू आलं.

"आवाज, ताई, आवाज!" सर लांबून ओरडले. पायऱ्यांवर पुन्हा हसू फुटलं.

मग संघातली सगळ्यात चपळ मुलगी धावत आली. "खो!" आवाज खणखणीत. बसलेली मुलगी त्या आवाजासरशी उठली, झेपावली, तिनं सूर मारला आणि पळणारीच्या टाचेला तिची बोटं लागली. टाळ्या पडल्या. "बाद! बाद!" पायऱ्यांवरच्या त्या दोघी तर उभ्याच राहिल्या.

माझी शिट्टी ती उठली तेव्हाच वाजली होती. सूर बघायच्या नादात कुणी ती मनावर घेतली नव्हती. मी पुन्हा वाजवली, लांबलचक.

सगळं थांबलं. खो देणारी कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर आली. "म्या खो दिला की! साऱ्यांनी ऐकला."

सरही आत आले. "ताई, ही चूक काय आम्ही करायला सांगितली नव्हती. शिट्टी कशाची? गडी बाद हाय का न्हाय?"

चुकीची शिट्टी असती तर नापास. गप्प राहिले असते तरी नापासच. पण तो तळहात मी पाहिला होता. तळहात आणि पाठ यांच्या मधून मला पलीकडची फक्कीची पांढरी रेषा दिसली होती, गच्चीवरून दिसायची तशी स्वच्छ. मी सरांकडं पाहिलं नाही, त्या मुलीकडंही नाही. पायऱ्यांकडं तोंड केलं आणि छाती भरून श्वास घेतला.

"बाद नाही! खो ऐकू आला, पण पाठीला हात लागायच्या आधी ती उठली. फाऊल! आता उलट दिशेनं!"