तेजरामची हिरवी ज्वारी

कारखान्याच्या क्लबच्या मैदानामागच्या पंपघरात तेजराम माळी दारू गाळतो, अशी एक्क्याण्णवच्या भाद्रपदात खुर्सीपारपासून मोहन नगरपर्यंतच्या वस्त्यांत हवा होती. खिडकीत ज्वारीच्या अठरा बाटल्या, तोंडाला कापसाचे बोळे, वर आंबूस वास. आणखी काय पुरावा हवा? हे लिहिणारीनं, म्हणजे शेजारच्या पोरीनं, तर बाटली हुंगणाऱ्या तेजरामची नक्कल तीन घरांत करूनही दाखवली.

सगळं खोटं. तेजराम सुपारीसुद्धा खात नव्हता. तो बुरशी पाळत होता.

कारण दुसऱ्याच एका बुरशीनं त्याचं बसणं-उठणं हराम केलं होतं. मैदानातली दूब, म्हणजे हरळी, त्यानं त्र्याहत्तर साली भंडाऱ्याकडच्या आपल्या गावच्या शेताच्या धुऱ्यावरून पोत्यांत भरून आणली होती आणि गुडघ्यांवर रांगत काडी काडी लावली होती. त्या दुबीत आता तपकिरी चट्टे उठले होते. आधी बशीएवढे, आठवड्यात परातीएवढे. सकाळच्या दवात त्यांच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं दिसे. औषध मारलं की चार दिवस थांबत, पाऊस आला की पुन्हा पसरत. बागेचे अधिकारी देशकरसाहेब मोजून बोलणारे. कोजागिरीपर्यंत चट्टे थांबले नाहीत तर सगळी दूब खणून फेकायची, बाहेरून नवं गवत आणायचं आणि तेजरामनं कुरुदच्या रोपवाटिकेत जायचं, असं त्यांनी सांगून टाकलं. कुरुदचं तेजरामला काही नव्हतं, सायकलनं गेला असता. दूब मात्र तो फेकू देणार नव्हता.

साहेबांचीच भाची साधना रायपूरला शेतकी शिकत होती. तिनं त्याला हिरव्या बुरशीची एक बाटली आणून दिली. ही बुरशी त्या बुरशीला वेटोळे घालून खाते, गवताला काही करत नाही, असं तिनं समजावलं. ज्वारी शिजवून बाटल्यांत भरायची, त्यावर ही वाढवायची, हिरवी झाली की ओल्या शेणखतात मिसळून सावलीत मुरवायची, मग मैदानावर पसरायची. तेजरामनं ते आपल्या भाषेत बसवून घेतलं. हे कामगार. ए, बी, सी, तिन्ही शिफ्टा करतात आणि कँटीन मागत नाहीत.

तोवर त्यानं प्रत्येक चट्ट्याभोवती खुंट्या ठोकून सुतळी बांधली. रोज उजाडता मैदानात, जेवणाच्या सुट्टीत मैदानात, घरी निघताना सायकल फिरवून पुन्हा मैदानात. चट्टा सुतळीला टेकला की खुंट्या उपटायच्या, बोटभर मागे ठोकायच्या. घरी ताटावर बसला तरी एक गुडघा उभाच.

दहा दिवसांनी ज्वारी हिरवीगार झाली. पोत्यात भरून त्यानं घरी आणली आणि खत बघायला कुरुदला गेला. परत आला तर अंगणात खाटेवर लुगडं, लुगड्यावर ज्वारी, रणरणत्या उन्हात. त्याच्या बायकोनं, मनकर्णानं, धान्याला बुरशी लागलेली पाहिली आणि तिच्या आईनं केलं असतं तेच केलं. चोळून वाळवलं, वर हळद लावली, कडुलिंबाचा पाला घातला.

तेजराम बसला. उठला. परत बसला.

“जयाची माय,” तो म्हणाला, “तू माहे सारे कामगार भाजले.”

मनकर्णानं पदरानं हात पुसले. “मंग पुन्हा शिजवू. कावून उठबस करून राहिले?”

बी म्हणून पंपघरात एक बाटली राखली होती, तेवढंच नशीब. मनकर्णानं दुसरी ज्वारी स्वतः शिजवली, कुकरच्या शिट्ट्या मोजल्या आणि पुढं खताच्या ढिगावर सावली करून अशी पहारा देत बसली की शेजारची कोंबडीही फिरकली नाही. हळदीची गोष्ट ऐकून हे लिहिणारीनं तेजरामशी पैज मारली: दूब जाणार. हरलीस तर होळीपर्यंत माझी नक्कल बंद, एवढंच त्यानं मागितलं.

घटस्थापनेच्या दिवशी खत पसरलं. मग आठवडाभर काहीच दिसेना. तेजराम खुंट्यांना हात लावायचा, काढायचा, पुन्हा लावायचा.

कोजागिरीच्या सकाळी देशकरसाहेब टेप घेऊन आले. सात चट्टे, सात सुतळ्या. पंधरा दिवसांत एकही खुंटी मागे सरकली नव्हती. उलट बाहेरच्या दुबीचे धुमारे सुतळीखालून आत शिरले होते, करंगळीएवढे, हिरवे. साहेब वाकले, एक धुमारा बोटानं उचलून पाहिला, टेप न उघडताच खिशात घातला.

“राहू द्या,” म्हणाले, आणि गेले.

तेजराम लगेच खुंट्या उपटायला लागला, या वेळी आत ठोकायला. मान वर न करता म्हणाला, “पोट्टे, होळीपावतर तोंड बंद.”

तोंड बंदच आहे. लिहिण्याबद्दल पैजेत काही ठरलं नव्हतं.