पोस्टरवरचे पप्पा

पडद्यावर पप्पांचा फोटो आला. दादरच्या एका छोट्या हॉलमध्ये, चाळीसेक लोकांसमोर. खाली इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: आमचे लाभार्थी. शेजारी लालबागच्या आमच्या चाळीतल्या अभ्यासिकेतली पोरं, जुना कॉम्प्युटर. भिंतीवरची निळ्या कोटातली तसबीर मात्र मानेपासून कापलेली. फोटो मीच काढला होता. माझ्या फोटोत ती पूर्ण होती.

रिलीजचा कारभार बघणारा निनाद माइकवर म्हणाला, "हे काका चाळीत राहतात. बघा, यांनासुद्धा जमतं."

लोक हसले. प्रेमाने हसले. तेच जास्त लागलं.

मी मागच्या रांगेत, मांडीवर टी-शर्टचं खोकं.

आमची ऑपरेटिंग सिस्टिम कुठल्या कंपनीची नाही. लोकांनी मिळून बनवलेली, फुकट. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती निघते आणि तिची जाहिरात मी करते. घोषणा, पोस्टर, व्हिडिओ. सोबत जाणाऱ्या श्रेयाच्या यादीत नावं मात्र सिस्टिममधले बदल पाठवणाऱ्यांचीच. मराठीच्या दुरुस्त्यांमुळे मीही तिथे होते, नुसत्या पहिल्या नावाने. इंग्रजी शाळेत एक गोष्ट पक्की शिकले होते: कोणी आडनाव विचारलं की विषय बदलायचा.

त्या दुरुस्त्या खरं तर पप्पांच्या. पप्पा छापखान्यात प्रुफं तपासायचे. निवृत्त झाल्यावर आमच्या सिस्टिमचे मराठी मेनू वाचायला लागले. मी छापून आणायचे, ते लाल पेनाने खुणा करायचे. "हे माणसाने लिहिलंय की यंत्राने?" असं विचारायचे आणि पान माझ्याकडे सरकवायचे. मी ते टाइप करून पाठवायचे. माझ्या खात्यातून. त्यांचं खातं काढायचं तर त्यांनी पूर्ण नाव घातलं असतं. ते कधीच लपवत नाहीत. तीन आवृत्त्यांचं मराठी त्यांच्या हातून गेलंय. आणि लाभार्थी म्हणे.

कार्यक्रम संपल्यावर निनादला गाठलं. माझ्या फोटोवरून त्याने परस्पर केलेलं तेच पोस्टर संध्याकाळी घोषणेसोबत जगभर जाणार होतं. म्हटलं, ती ओळ काढ, ते आपलं मराठी तपासतात.

"फ्रीझ झालंय ना यार," तो म्हणाला.

फ्रीझ म्हणजे आमचा नियम. ठरलेल्या दिवसानंतर रिलीजमधलं अक्षरही हलवायचं नाही. पण त्याच आठवड्यात वॉलपेपर बदलला होता, निनादच्या मित्राला रंग आवडला नाही म्हणून. मी ते बोलून दाखवलं.

"इमोशनल नको होऊस. चांगली स्टोरी आहे. आणि काकांचं नाव तर यादीत कुठेच नाहीये."

हे खरं होतं. ते नाव त्याने गाळलं नव्हतं. मी गाळलं होतं.

घरी येऊन पप्पांना सगळं सांगितलं. नाव का दिलं नाही, तेही. त्यांनी मोबाइलवर पोस्टर बघितलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं. माझ्यावर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मी काय घेतलं गं यांच्याकडून?"

घोषणा प्रसिद्ध करायचं बटण माझ्या खात्यात आहे. सहाला दाबायचं होतं. दाबलं नाही. घोषणेतून पोस्टर काढलं. मग यादीसाठी बदल पाठवला: पप्पांचं नाव, आडनावासकट. पुढे, मराठी मुद्रितशोधन. त्याखाली माझं, आडनावासकट. फ्रीझ मोडण्याचं कारण, या रकान्यात लिहिलं: नावं चोरली गेली होती, पप्पांचं तर मीच चोरलं.

ग्रुपवर कोणीतरी विचारलं, आता इथेही जात आणायची का? मी लिहिलं, तसबीर कापताना कोणी आणली होती?



आज तिसरा दिवस. बदल मंजूर नाही, घोषणा थांबलेली. बटण उद्या काढून घेतील. घेऊ देत. पुढच्या आवृत्तीची पानं टेबलावर आहेत, लाल खुणांनी भरलेली. पप्पांचं नाव यादीत लागेपर्यंत त्यातली एक ओळही मी पाठवणार नाही.