पत्रावळ उचलणारी शालू

या, जरा जवळ सरका. संगणकाची गोष्ट म्हटली की लगेच उठायला बघता, हे काही बरं नाही. मी तरी कुठं शिकलेली आहे? चौथीनंतर जे काही शिकले ते वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून. मला शालूचं काम समजलं, तर तुम्हाला काहून समजणार नाही?

शालू म्हणजे पुसेगावातल्या आमच्या शेजारघरची लेक. कंपनीचं काम घरूनच करायची. काम अडलं की खडू घेऊन माझ्या ओट्यावर यायची, चौकोन काढायची आणि एका चौकोनातून दुसऱ्याकडे बाण. मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "बाबा, बाणावर पाय देऊ नको, पोरगी वरडती."

"हे काय गं?" मी एकदा विचारलं.

"यादी हाय, मावशी. परतेकाला निस्ता पुढच्याचा पत्ता ठाऊक."

संगणकाच्या पोटात कर्नल म्हणून एक कर्ता असतो, बाकी सगळे त्याच्या जिवावर चालतात. अशा याद्या त्याच्याजवळ. एकाच वेळी दहा जण यादी वाचत असतात आणि अकरावा त्यातलं एक नाव काढत असतो. "कुलूप लावलं तर समदे रांगेत खोळंबतात, न्हाई लावलं तर घात," ती म्हणायची. आणि वर तिचं ठरलेलं वाक्य: "वाचणाऱ्याला आडवायचं न्हाई, काढणाऱ्यानं दम धरायचा!"

दम म्हणाल, तर तो तिच्यातच नव्हता. चहा फुंकायच्या आधी प्यायची आणि मग जीभ बाहेर काढून अंगणभर नाचायची.

जगभर वापरतात त्या कर्नलमध्ये जाणारा बदल तिनं पहिल्यांदाच लिहिला होता. तपासणाऱ्यांकडून तो दोनदा परत आला. तो बदल घातला की यंत्र तीन तास झकास चालायचं आणि मग जागच्या जागी गच्च. साहेबांनी बजावलं, शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर काम दुसऱ्याकडे जाईल. पोरीचं तोंड एवढंसं झालं.

बुधवारी माझ्या नातीचं बारसं होतं. "चल, दोन घास खा, मग बस डोकं धरून," म्हणत मी तिला ओढून आणलं. आली ती पदर खोचूनच. पंगत अर्धी झाली असेल. आमचे गंगाधरकाका वरण मागायला मागं वळले, आणि ह्या बाईनं त्यांची पत्रावळ उचलली! काका फिरले, हातात भाताचा घास, खाली नुसती भुई.

"अगं ए! मी जेवून राहिलो की! माझं ताट कुठं निघालं?"

सगळी पंगत हसून लोटपोट. मी म्हटलं, "शालू, पंगत उठल्याबिगर कोणी पत्रावळ उचलतं व्हय?"

तिनं हातातल्या पत्रावळीकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "मावशी, तवर दुसरी पंगत बसली तर? तिच्यासाठीबी थांबायचं?"

"त्यांचं काय? ते काय काकाच्या उष्ट्यावर बसणार हायेत? आत्ता बसलेत तेवढे उठू दे, बस्स!"

"तेच की!" म्हणाली आणि पत्रावळ घेऊन घरी पळाली. मागून काका, "अगं, भात तरी ठेव!"

नंतर तिनं ओट्यावर खडूनं दाखवलं. नाव यादीतून काढणं बरोबर होतं. नवीन येणाऱ्याला ते दिसतच नव्हतं. पण काढल्याबरोबर ती जागा तिनं मोडून टाकली होती. आधीपासून तिथं उभा असलेला वाचणारा भुईवरच आला, काकांसारखा. थांबायची सोय कर्नलमध्ये होतीच, ही बया ती एक ओळ लिहायलाच विसरली होती. "आन् काढणारे दोघं असले तर?" मी विचारलं. "त्यांच्यात मातर कुलूप पायजेच, मावशी. न्हाईतर दोघी जावा एकच पत्रावळ ओढतील."

यंत्र सलग दोन दिवस चाललं. शुक्रवारी बदल स्वीकारला गेला. पेढे घेऊन ती आधी काकांकडे गेली.

"माझं नाव टाकलं का त्यात?" काकांनी विचारलं.

"न्हाई काका, पर तुमचा भात मी जलमात इसरणार न्हाई."

त्याच कामाच्या जोरावर तिला पुण्याला मोठी जागा मिळाली. जाताना माझ्या पाया पडली आणि एवढ्या शिकलेल्या पोरीनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान लेकरासारखे हुंदके दिले. मी हसत होते, डोळे पुसत होते. आता ती फोनवर नवनव्या याद्या सांगते, मी हूं हूं करते.

शालू, शिवारात कढया चढल्यात, हळद शिजायला लागली आहे. तिचा वास काही फोनमधून येत नाही. लवकर ये, पोरी.