नैवेद्य धुऱ्यावरच दाखवला

आमची कुलदेवी राळेगाव तालुक्यातल्या एका शिवारात आहे, एवढंच सासूबाई सांगायच्या. तीन पिढ्यांत तिकडे कुणी फिरकलं नव्हतं. तिला तरी आमची ओळख राहिली असेल का, अशी शंका मला होती. खरं सांगायचं तर देवीपेक्षा मला फोनचंच कुतूहल जास्त. पुतण्याने नकाशा घरीच फोनमध्ये उतरवून दिला होता, देवीच्या जागी खूण करून ठेवली होती आणि म्हणाला होता, "काकू, नेट नसलं तरी चालते."

ते बोंडअळीचं वर्ष. ऑटो सोडून मी आणि हे शेतांमधल्या पांदणीला लागलो तेव्हा रेंज केव्हाच गेली होती. तरी निळा ठिपका आमच्यासोबत चालत होता! मी थांबले की थांबायचा, वळले की वळायचा. "अहो, याला कोण सांगतं हो?" मी चारदा विचारलं. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, समजावून सांगायची भारी हौस. "उपग्रह सांगतात. नेट फक्त चित्र आणते," असं म्हणत पुढे चालले होते. नकाशावरची पांदण मात्र संपली. कुणीतरी ती नांगरून पेरून टाकली होती आणि समोर छातीएवढी पऱ्हाटी, कपाशीची झाडं, उभी होती. ठिपक्याला त्याचं काय! आम्ही ओळींमधून शिरलो.

थोड्या वेळाने हे पुन्हा उपग्रहच सांगू लागले. तेच वाक्य तिसऱ्यांदा, जीभ जड, कपाळ घामाने डबडबलेलं. यांना मधुमेह, साखर उतरली हे मी ओळखलं. सकाळी सवयीने यांनी इन्शुलिन टोचून घेतलं होतं आणि नैवेद्याआधी खायचं नाही म्हणून हे उपाशीच निघाले होते. मीही अडवलं नाही, तो दोष माझा. डब्यात पुरणपोळी होती. घास तोंडाशी नेला तर यांनी हात झटकला, "आधी देवी." देवी अजून अर्धा कोस पुढे. फोन लावला तर लागेना. आयुष्यात एवढी घाबरले नव्हते. मी जिवाच्या आकांताने ओरडले.

कमरेला कापसाची ओटी बांधलेली एक बाई पऱ्हाटीतून धावत आली, जवळच्या बंजारा तांड्यावरची. "काहून ओरडून राह्यल्या, बाई?" मी सगळं सांगितलं. तिने यांचा दंड धरला आणि शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नेऊन बसवलं. तिथे एका झाडाखाली पाच खडे मांडून कुंकू लावलेलं होतं. त्या दिवशी तिच्याकडे कापसाची पहिली वेचणी होती. अळीने बोंडं पोखरली, तरी तिने वेचणीची पूजा चुकवली नव्हती. तिने आमच्या पोळीचा तुकडा त्या खड्यांपुढे ठेवला आणि भोवती पाणी फिरवलं. "पाहा दादा, जेवली याडी, आमची देवमाय. हे बी मायच हाय. आता तुमी खा."

यांनी तोंड उघडलं. तिने पूजेचा गूळही भरवला.

पंधरा-वीस मिनिटांत यांची नजर ठिकाणावर आली, आणि मला रडू कोसळलं. फोनवरची खूण तेवढीच लांब होती. "जायचं पुढे?" मी विचारलं. देवधर्मात कधी एक पाऊल मागे न घेणारे हे त्या बाईला हात जोडून म्हणाले, "दर्शन झालं. चल घरी."

ती बाई रोजच तिथे राबत असेल. आम्ही नेमके तिच्या शेतात कसे पोचलो, हे मात्र मला अजून उमगलेलं नाही, आणि त्याचं काही वाटतही नाही. आता सणावारी इन्शुलिन टोचलं की मी आधी यांचं ताट वाढते. हे मुकाट्याने जेवतात. देवी तोवर थांबते. तिला आधी जेवू घालायची घाई आम्हालाच होती, तिला कधीच नव्हती.