पापुद्र्यावर मासे धरणारा मामा

“मासोळ्यायची हाय लागली वसंताले, दुसरं काय!” मामाच्या तेरवीच्या पंगतीत गावातले अण्णा शेजारच्या माणसाला म्हणाले आणि वरणासाठी द्रोण पुढे केला. वरणाचं भांडं माझ्याच हातात होतं. मी वाढलं. “अजून थोडं,” ते म्हणाले. मी अजून थोडं वाढलं... आणि पुढच्या पानाकडे सरकले. त्या वाढण्याचा राग अजून उतरलेला नाही.

मामाला जाऊन दीड महिना झाला. वसंतमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. एसटीत वाहक होता आणि सुट्टीच्या दिवशी शेलूबाजारजवळच्या आपल्या गावी तलावावर गळ टाकून बसायचा. मी वाशीमला इंग्रजी शाळेत शिकलेली, कमी बोलणारी. सुट्टीत त्याच्याकडे गेले की तो मला मॅडम म्हणायचा. “ओ मॅडम, सावली पाण्यावर पाडू नका, कटला मासोळी लय हुशार असते.” बाकीचे लोक गळाला गांडूळ आणि शिसं लावून तळाशी सोडायचे. मामाचं सगळं काम वरच्या पाण्यात. वारा पाठीशी घेऊन बसायचं, ज्वारीच्या लाह्या मूठमूठ सोडायच्या आणि वाऱ्याने त्या आत नेईपर्यंत थांबायचं. तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याला, तो मेणबत्ती घासायचा, म्हणजे दोरा बुडत नसे. आमिष म्हणून मामीच्या भाकरीचा पापुद्रा. टम्म फुगलेल्या भाकरीवरून मामी तो अलगद सोडवून द्यायची. लाह्यांसारखाच तो तरंगायचा. पहिला अर्धा तास मात्र गळ टाकायचाच नाही. “पहिले फुकट खाऊ द्याचं. भेव गेलं पाह्यजे त्यायचं.” मग लाह्यांच्या मधे कटल्याची जाड, गोल तोंडं उघडायला लागायची, चप् चप् आवाज यायचा, आणि मामाचा चेहरा असा व्हायचा की जणू पाहुणे जेवायला बसले आहेत. एक मासा मिळाला की तो पिशवी आवरायचा. दुसरा धरलेला मी कधी पाहिला नाही.

अण्णांचं शेत तलावाला लागून आहे. पूर्ण नाव इथे लिहीत नाही, गावाला ते ठाऊक आहेच. जाता-येता ते थांबायचे. “काय वसंता, मासोळ्यायची खानावळ टाकली काय?” आणि माझ्याकडे बघून, “अन् ही पोरगी मुकी हाय, का इंग्रजीतच बोलते?” मामा हसायचा. मी नाही.

मी बारावीत होते त्या वर्षी, सोयाबीनवर फवारणी सुरू असताना, एका संध्याकाळी मी बांधावर फिरत होते. अण्णा पाण्यात गुडघाभर उभे होते. त्यांनी फवारणीच्या दोन पंपांत उरलेलं औषध तलावात ओतलं, मग पंप हिसळले. त्यांच्या पायांभोवतीचं पाणी दुधासारखं पांढरं झालं. सकाळी तो अख्खा कोपरा मेलेल्या माशांनी भरला होता, पोटं वर करून. ज्यांनी तलावात माशांचं बीज सोडलं होतं ती माणसं काठावर बसून रडत होती. सगळ्यांत आधी अण्णाच बोलले, “वसंता भाकरीत काही कालवून टाकते, मी कितीदा पाह्यलं.”

दुपारी पारावर बैठक झाली. मामा एकच वाक्य बोलला, “मी काहून मारीन बापा, मी तं त्यायले जेवू घालतो.” लोक हसले. “कोणी काही पाह्यलं काय?” असं विचारलं गेलं तेव्हा मी मामीच्या मागे उभी होते. मी वाक्य जुळवत राहिले, आधी इंग्रजीत, मग मराठीत... तोवर बैठक उठली. मामाला तलावाची बंदी झाली.

त्याने गळ पुन्हा हातात घेतला नाही. मामी मात्र सवयीने पापुद्रा सोडवायची, मग लक्षात आलं की गुपचूप कोंबड्यांना टाकायची. चार वर्षं मी दर सुट्टीत हे पाहिलं. दर वेळी आज सांगू म्हणायचे. आपण निर्दोष आहोत हे मामाला माहीत होतंच, पण ते आणखी कुणाला तरी माहीत आहे, एवढं तरी त्याला मिळायला हवं होतं. तो झोपेतच गेला. लोक म्हणतात, झालं गेलं विसरावं. मला विसरायचं नाही. मामाने अण्णांना माफ केलं असतं का, मला माहीत नाही. विचारायची सोय मीच ठेवली नाही. मला त्यांची मान खाली गेलेली पाहायची होती, सगळ्या गावासमोर, दिवसाढवळ्या.

गेल्या आठवड्यात ग्रामसभा होती. मामीसोबत मी गेले. तलाव समितीच्या अध्यक्षपदासाठी अण्णांचं नाव पुढे आलं. ते उठून बोलले. पाणी म्हणजे आपली माय आहे, म्हणाले. तलाव पोरासारखा सांभाळीन, म्हणाले. “मांगं एकानं इख कालवलं होतं, आता तसं होऊ देनार नाही.” मी त्यांना शेवटपर्यंत बोलू दिलं. टाळ्याही होऊ दिल्या. सरपंचबाईंनी विचारलं, “कोणाची काही हरकत?” मामीने माझा हात दाबला. नको म्हणून की हो म्हणून, मला कळलं नाही. मी उठले.

“माही हरकत हाये. त्या संध्याकाळी औषधाचे दोन पंप तलावात अण्णायनं धुतले. मी बांधावर उभी होती, माह्या डोयानं पाह्यलं. चार वर्षं बोलली नाही, हे माहं चुकलं. अण्णा, खोटं असन तं आता बोला.”