झेंडूची बुरशी

ईशा, नील,

परवा फोनवर ईशाने विचारलं, "आजी, बकऱ्यांच्या मरीचा विषाणू तूच वेगळा केलास ना? मग पेपरवर तुझं नाव कुठंय?" मी म्हणाले, नेटवर्क नीट नाही. नेटवर्क चांगलं होतं. इतकी वर्षं मी हेच करत आले. म्हणून आता क्रमाने लिहिते.

सकाळचे साडेनऊ. भंडाऱ्याबाहेरचं आमचं संशोधन केंद्र, कल्चर रूमचं, म्हणजे पेशी वाढवायच्या निर्जंतुक खोलीचं दार. मी दोन्ही हात पुढे केलेले, तळवे वर. शाळेत नखं तपासायला करतात तसे. समोर केंद्राचे प्रमुख. आम्ही त्यांना फक्त सर म्हणायचो. मागे चार विद्यार्थी, मीच ज्यांना शिकवायची. सर वाकले आणि त्यांनी माझे हात हुंगले.

"खळीचा वास जात नाही, मॅडम. बुरशी तुम्ही घरूनच आणता."

पोरं हसली.

मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. पीएचडी झालेली. तुमची आई दहावीत होती. माझे वडील आंधळगावला हातमागावर बसायचे, हे खरं. सूत ताठ राहावं म्हणून आई त्याला भाताची खळ लावायची, हेही खरं. मी त्या सुताला हात लावून पंचवीस वर्षं झाली होती.

त्या वर्षी आमच्या मोहाडी तालुक्यात बकऱ्या मेल्या. नाक गळायचं, तोंडात फोड, हगवण, आठवड्यात खलास. मी आंधळगावातून बर्फाच्या डब्यात नमुने आणले. विषाणू एकटा वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागतात. चपट्या बाटल्यांत मी पेशी वाढवायची, त्यांच्यात विषाणू. सात महिन्यांनी तो हाती लागला. मग दसरा झाला, आणि आठवड्याभरात बाटल्यांत करडा कापूस तरंगू लागला. बुरशी. बाटलीमागून बाटली गेली.

सरांनी चौकशी केली नाही. त्यांच्या घरात तीन पिढ्या प्राध्यापक. त्यांना कारण आधीच ठाऊक होतं. मी रोज दारात हात दाखवायचे, त्यांनी हुंगायचे, मग स्पिरिटने धुवून आत. बाकी कुणालाच नाही. मी दाखवत राहिले. नोकरी हवी होती, विषाणू हवा होता. सगळ्यात वाईट म्हणजे मला ते खरं वाटू लागलं. घरी एकटी असले की मीही माझे हात हुंगायची.

काचसामान धुणाऱ्या सत्यभामाबाई एका दुपारी सहज बोलल्या. "मॅडम, तुमी कायले हात दाखवून राहिल्या? त्या पेटीवरचे झेंडू मी उचलले ना. सारा बुरसा धरला होता त्याईले."

पेटी म्हणजे बाटल्या उबेत ठेवायचा इन्क्युबेटर. खंडेनवमीला सरांनी कल्चर रूममध्ये यंत्रांची पूजा केली होती. हवा गाळणाऱ्या जाळीला हार, इन्क्युबेटरवर फुलं, ओल्या अक्षता. मला तेवढा वेळ बाहेर थांबायला सांगितलं होतं. पण नंतर ती फुलं मी रोज पाहत होते. आमच्याकडेही दसऱ्याला मागाला हार घालतात. यंत्रावर फूल असायचंच. म्हणून दिसूनही दिसलं नाही. ही चूक माझी.

जाळीमागे हाराचा एक तुकडा अजून अडकलेला होता. मी तीन नमुने घेतले: तो तुकडा, बाटलीतली बुरशी आणि माझे तळवे. डीएनए वाचून आला. हारावरची बुरशी आणि बाटलीतली, अक्षरन् अक्षर एक. माझ्या तळव्यांवर त्यातलं काही नाही. स्वतःचे हात मी तपासायला पाठवले, हे आजही सलतं.

दुसऱ्या सकाळी सर दारात म्हणाले, "हात." मी कागद पुढे केला.

"आजपासून हात नाही, सर. हे वाचा."

त्यांनी वाचलं. त्यांना ते वाचता येत होतं. कागदाची चौघडी करून खिशात घातली आणि हळूच म्हणाले, "देवाच्या फुलावर खापर फोडलंत. जात दाखवलीत शेवटी."

दुपारपर्यंत माझ्या सगळ्या बाटल्या ऑटोक्लेव्हमध्ये वाफवून मारल्या, स्वच्छ होत्या त्याही. ते काम सत्यभामाबाईंनाच सांगितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मला भांडारात बसवलं. दीड वर्षाने पेपर आला, माझ्या वहीतून. पाच नावं, माझं नाही. आणि पुढच्या खंडेनवमीला पूजा व्हरांड्यात झाली. का, ते कुणी विचारलं नाही.

आता लोक म्हणतात, सर थकलेत, सोडा ना. मी सोडणार नाही. आज त्या नियतकालिकाला पत्र लिहिलं, वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या. माफी मागितलेली मला नको. पहिलं नाव माझं हवं, किंवा का नाही ते लेखी हवं. उत्तर आलं नाही तर दर महिन्याला लिहीन.

आणि ईशा, विषाणू मेला नाही. दसऱ्याआधीच मी सहा कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवल्या होत्या. दोन त्यांनी पेपरसाठी वापरल्या. केंद्रातल्या एका विद्यार्थिनीने गेल्या महिन्यात मोजून सांगितलं: चार आहेत. चिठ्ठ्यांवर आंधळगाव लिहिलंय, माझ्या अक्षरात.