कळसाची उंची आणि टाकीची जागा

सप्टेंबरचा शेवटचा सोमवार, सकाळ. स्थळ: भैरोबाच्या देवळाची मागची बाजू.

हजर: मी, गणिताची शिक्षिका. दहावीच्या सगळ्या मुली. दहावीची मुलं, बॅट घेऊन पळालेले दोघे सोडून. देवळाचे गुरव. माजी सरपंच, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, ते स्वतः आले नव्हते, पण त्यांची प्लास्टिकची खुर्ची पुढे आली होती. गैरहजर: मुख्याध्यापक, तालुक्याला मीटिंग. आणि ऊन.

उन्हाची गैरहजेरी महत्त्वाची होती, कारण आम्ही सावली मोजायला आलो होतो.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगते. आमची शाळा गावाबाहेर मुरमाड माळावर आहे. गाव खाली, ओढ्याच्या काठाला. शाळेत मुलींसाठी संडास बांधलेला आहे, आणि चांगला बांधलेला आहे. पण पाण्याची काळी टाकी त्याच्या शेजारी जमिनीवर ठेवलेली, आणि संडासाचं जोतं उंच. टाकी भरलेली असेल तोवर नळाला करंगळीएवढी धार यायची. टाकी अर्धी झाली की नळ कोरडा. मोटार लावावी तर दुपारी वीज नसते. राहिली बादली. बादली भरून मुलांच्या वर्गासमोरून न्यायची, हे चौदा-पंधरा वर्षांच्या मुली करत नाहीत. त्या मधल्या सुट्टीत घरी जातात आणि परत येत नाहीत. मधल्या सुट्टीनंतर गणित आणि विज्ञान असतं.

अशी एक मुलगी होती. पहिल्या बाकावर बसायची, उत्तर आलं की पेन आपटायची. तिचे आईवडील दर वर्षी ऊसतोडीला कोल्हारच्या बाजूला जातात. गेल्या वर्षी त्यांनी तिला चुलतीकडे ठेवलं होतं. या वर्षी आई शाळेत आली ती बाहेरच उभी राहिली.

"आत या ना."

"न्हाई मॅडम, चिखलाचे पाय हायेत. एवढंच सांगायचं हुतं, दसऱ्याला निघायचं, पोरगी संगं नेणार."

"दहावी आहे तिची."

"व्हय, पर निम्मा दिस घरीच असती ती. मग चुलतीच्या दारात बसण्यापरीस तिकडं मोळ्या तरी बांधील."

मी म्हणाले, ती पूर्ण दिवस शाळेत बसली तर? आई म्हणाली, "नळाला पानी आलेलं मला दाखवा. मग ठेवते."

मी हे लिहून घेतलं. मला सगळंच लिहून घ्यायची सवय आहे. वर काम, खाली करणारा, शेजारी मुदत. काम: पाणी. करणारा: मी. मुदत: दसरा.

टाकी संडासाच्या छतावर चढवली की प्रश्न सुटत होता. एवढं सहावीतल्या मुलालाही कळतं. गवंड्याने मागच्या वर्षी ती दोराने वर ओढायला घेतलीही होती. तात्यांनी खालूनच हात वर केला आणि काम थांबलं. शिंगणापुरात घरांना दारं नाहीत, तसा या गावात घरांना जिना नाही. इथे कुणी माडी बांधत नाही. भैरोबाच्या कळसाच्या वर माणसाने राहायचं नाही आणि पाणी साठवायचं नाही, असा गावाचा रिवाज. शाळा माळावर आहे आणि देऊळ खोलात. छतावरची टाकी कळसाच्या वर जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

मला रिवाज मोडायचा नव्हता. मी बाहेरगावाहून स्कूटीवर येणारी बाई. रिवाज मोडून संध्याकाळी मी निघून जाणार आणि मुली गावातच राहणार. टाकी रिवाजात बसते की नाही, तेवढंच मला बघायचं होतं.

वर्गात विचारलं, "कळस उंच की छतावरची टाकी?"

"टाकी!" सगळे एका सुरात.

"कशावरून?"

"दिसतंच की, मॅडम."

मी फळ्यावर 'दिसतंच की' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. हीच मुलं पुस्तकातल्या दीपगृहाची उंची तोंडी सांगतात. दीपगृह त्यांनी पाहिलेलं नाही, जहाजही नाही. कळस मात्र रोज पाहतात, आणि तो मोजता येतो हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी कामं वाटून दिली.

पहिलं काम, शाळेची जमीन देवळाच्या जमिनीपेक्षा किती उंच ते काढायचं. गवंड्याकडून पारदर्शक नळी मागून आणली, तिच्यात पाणी भरलं. पाणी दोन्ही टोकांना एका पातळीत उभं राहतं, हे विज्ञानाच्या पुस्तकात आहे. तीच पातळी माळावरून ओढ्याकाठच्या देवळापर्यंत टप्प्याटप्प्याने उतरवत न्यायची होती. मुलं नळी धरून गल्लीतून निघाली. प्रत्येक टप्प्याला फरक लिहायचा, मग पुढे. एका ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या बाईंनी विचारलं, "काय रं, गटारीचं माप चाललंय का?"

"न्हाई काकू, देवाचं."

"देवाचं माप? काय शिवनार हायेत का त्येला?"

मुलं इतकी हसली की नळीतलं पाणी सांडलं आणि तो टप्पा परत करावा लागला. मी तो परत करायला लावला. हसण्याला माझी हरकत नव्हती, अंदाजे लिहिण्याला होती.

दुसरं काम त्या सोमवारचं, कळसाची उंची. एक सरळ काठी जमिनीत उभी रोवली. तिची सावली तिच्या उंचीएवढी झाली की त्याच क्षणी कळसाची सावलीही कळसाच्या उंचीएवढी असणार. सकाळी सावली देवळाच्या मागे, मोकळ्या जागेत पडते. काठीपाशी एक मुलगी शिट्टी घेऊन, कळसाच्या सावलीच्या टोकाशी एक मुलगा खुंटी घेऊन. शिट्टी वाजली की खुंटी ठोकायची. सगळं ठरलेलं होतं आणि ढग आले.

गुरव हात बांधून उभे होते. "मॅडम, देवाला हे पसंत न्हाई. बघा, ढगात जाऊन बसला."

मागून एक मुलगी म्हणाली, "काका, देव हितंच हाय. ढगात सूर्य गेलाय."

गुरव स्वतःच हसले. त्यांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत ऊन आलं, शिट्टी वाजली, खुंटी ठोकली गेली. टेप धरायचं काम मुलींनी मागून घेतलं होतं. एकीने टेपचं टोक गाभाऱ्याच्या मागच्या भिंतीला टेकवलं, दुसऱ्या हाताने भिंतीला नमस्कार केला. दुसरी खुंटीपर्यंत गेली आणि आकडा ओरडली.

तात्या तेवढ्यात येऊन खुर्चीत बसले. बेरीज त्यांच्या समोरच झाली. शाळेच्या जमिनीचा उंचावा, त्यात संडासाचं छत, त्यात टाकी झाकणासकट. दुसऱ्या बाजूला कळस. टाकी चार फूट वर निघाली.

"मी काय म्हणलो हुतो?" तात्या म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट माझी समजूत काढत होते. "आता तुमचं गणितबी माझ्याच बाजूनं बोललं."

मी वही घेऊन बेरीज तपासली. बरोबर होती. पुन्हा तपासली, तरी बरोबर. पहिल्या बाकावरची मुलगी टेप गुंडाळत होती. तिने तो इतका हळू गुंडाळला की शेवटी मी तिच्या हातातून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात शिरले तर ती फळ्यापाशीच उभी. फळ्यावर दोन चित्रं काढलेली. एका चित्रात पुस्तकातला खांब आणि त्याची सावली. दुसऱ्यात देऊळ आणि देवळाची सावली.

"मॅडम, आपलं मोजताना चुकलंय."

"कुठे?"

"पुस्तकात खांब हाय. खांबाला पोट नसतं. देवळाला पोट हाय." तिने खडूने गाभाऱ्याच्या मधोमध, कळसाच्या बरोबर खाली एक टिंब दिलं. "सावली हितनं मोजायला पायजे हुती. आमी भिंतीपासनं मोजली."

मागून एक मुलगा म्हणाला, "मग आत का गेला न्हाईत?"

"आत बायका जातात का, शहाण्या?"

खरंच होतं. भैरोबाच्या गाभाऱ्यात बायका जात नाहीत. टेप मुलींच्या हातात, म्हणून टेप भिंतीपाशी थांबला. इतका सवयीने थांबला की तो थांबला आहे हे कुणाला दिसलंच नाही, आणि मुलांनाही आत जाऊ या म्हणावंसं वाटलं नाही. गणित बरोबर होतं. ज्या ठिकाणापासून ते सुरू झालं, ते ठिकाण गावाच्या सवयीने ठरवलं होतं.

"मग आता? मुलांना आत पाठवायचं?" मी विचारलं.

"कशाला? बाहेरनंच जमतंय. गाभाऱ्याची लांबी बाजूच्या भिंतीवरनं मोजायची आन् निम्मी करायची." आणि पेन नव्हतं म्हणून तिने खडूच आपटला. त्याचे दोन तुकडे झाले.

आम्ही तसेच उठून गेलो. लांबीचं निम्मं सहा फूट भरलं. कळस आता टाकीच्या दोन फूट वर होता.

तात्यांना हे सांगायला मी मुलांनाच पुढे केलं. ते पारावर खुर्ची टाकून बसले होते.

"काल चार फूट वर, आज दोन फूट खाली," तात्या म्हणाले. "उद्या काय, टाकी पाताळात घालता का?"

त्यांच्या भोवती बसलेले दोघे-तिघे हसले. मला वाटलं, मुलगी आता गप्प होईल. ती गप्प झाली नाही. तिने इकडेतिकडे पाहिलं, पाराजवळच्या घरातून तळ फुटलेली एक वेताची पाटी मागून आणली आणि आमची काठी पारासमोर उन्हात रोवली.

"तात्या, ह्या काठीची सावली तुमीच मोजा."

तात्या खुर्चीतून उठले नाहीत. "त्यो मोजील," म्हणत शेजारच्याला खुणावलं. त्याने मोजली. मग तिने पाटी पालथी केली आणि फुटलेल्या तळातून काठीवर चढवली. काठीचं टोक वर, भोवती पाटी. "आता पाटीच्या काठापासनं मोजा."

शेजाऱ्याने मोजलं. "कमी भरतंय."

"काठी कमी झाली का?"

तात्या उठले. टेप स्वतःच्या हातात घेतला, पाटीच्या काठापासून मोजलं, मग पाटी काढून काठीच्या बुडापासून मोजलं. मग पाटी परत घातली आणि परत मोजलं. घाई केली नाही. ऊन डोक्यावर चढत होतं, मी त्यांना छत्री द्यायला पुढे झाले तर हातानेच नको म्हणाले.

"टाकीचं झाकण धरलंय का हिशोबात?"

"झाकणासकट धरलंय, तात्या."

"त्याच्यावर वीट ठिवतात लोक. वाऱ्यानं उडू नये म्हनून."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. वीट कुणीच धरली नव्हती. "विटेसकट कळस वरच राहतोय," ती म्हणाली. "पर आमी वीट ठेवणार न्हाई. दोरीनं बांधू."

"मग चढवा," तात्या म्हणाले. टेप परत देताना म्हणाले, "आन् वर उभं राहून कोन पोरगं नाचलं तर मी शाळेत येईन."

टाकी बुधवारी चढली. दोर ओढायला दहावीची मुलं, बॅटवाले दोघेही. मुख्याध्यापक खालून सूचना देत होते आणि त्या कुणी ऐकत नव्हतं. सभोवती पाचवीपासूनची सगळी शाळा. मुलीची आई बांधावरून पाहत होती. टाकी बसल्यावर ती जवळ आली.

"चढली व्हय?"

"चढली."

"पानी?"

"यायचंय अजून."

तिने मान हलवली. टाकी पाहून खूश होणाऱ्यांतली ती नव्हती. तिने मला नळाला पाणी दाखवा म्हटलं होतं, टाकी नव्हे. मला तिचं हे आवडलं. मीही तसंच करते. काम पूर्ण झाल्याशिवाय टिकमार्क करत नाही. "ऊसतोडीच्या मुकादमाला काय सांगितलंय?" मी विचारलं.

"दोगं नक्की, तिसरीचं मागनं सांगते म्हनलंय. गाडी शनवारी, दसऱ्याच्या सकाळीच येनार."

म्हणजे हातात दोन दिवस. आणि अडचण अशी की गावात पाइप जोडणारा जो एक माणूस आहे, तो ऊसतोडीच्या पहिल्या टोळीबरोबर कर्नाटकात गेला. तिकडचे कारखाने आधी सुरू होतात. तालुक्याहून माणूस बोलवला, तो सोमवारी येतो म्हणाला. सोमवारचा मला उपयोग नाही.

म्हणून गुरुवारी वर्गात मी गणित घेतलं नाही, किंवा तेच घेतलं. टाकीच्या खालच्या तोंडापासून नळापर्यंत पाइप किती लागेल, वळणं किती, प्रत्येक वळणाला सांध्यात किती इंच आत जातो. पहिल्या हिशोबात कुणीच सांध्यात जाणारी लांबी धरली नाही. दुसऱ्या हिशोबात एका बॅटवाल्याने धरली. संध्याकाळी स्कूटीवरून पाथर्डीला जाऊन पाइप, वळणांचे एल्बो, सांधे चिकटवायचं सोल्युशन आणि करवतीचं पातं आणलं. पाइप स्कूटीला मावत नव्हता, तो एका टेम्पोने आणून टाकला.

आज गुरुवार. पाइप व्हरांड्यात पडला आहे. तुकड्यांची मापं मुलांनी खडूने त्यावरच लिहिली आहेत. सोल्युशन पक्कं वाळायला निदान अर्धा दिवस आणि एक रात्र जाते, म्हणून उद्या मधल्या सुट्टीच्या आत सगळे सांधे बसले पाहिजेत. मुलीच्या आईला मी शनिवारी पहाटे, गाडी येण्याआधी, नळापाशी बोलावलं आहे.

टाकीपासून नळापर्यंतची जोडणी बाकी.